मोठ्यांसाठीचं मुखपृष्ठ

हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक जून १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी ब्लूम्सबरी या प्रकाशकांनी त्याची आणखी एक आवृत्ती काढली. आतला मजकूर अक्षरशः तोच. बदललं ते फक्त मुखपृष्ठ. मुलांच्या आवृत्तीवर लाल इंजिनासमोर गोंधळून उभा असलेला चष्मिस मुलगा होता, मोठ्यांच्या आवृत्तीवर आगगाडीचा गंभीर कृष्णधवल फोटो. ऑफिसला जाताना ट्यूबमध्ये पुस्तक उघडलं तर शेजारच्याने भुवई उंचावू नये, एवढाच त्या फोटोचा उद्देश. एका पुस्तकाला दोन अंगरखे शिवावे लागले, कारण मोठ्या माणसाने लहान मुलांचं पुस्तक वाचणं ही तेव्हा थोडी लपवायची गोष्ट होती.

ती लाज काढून टाकायला समीक्षकांनी मदत केली, असं काही नाही. २००० साली हॅरल्ड ब्लूम यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये या पुस्तकांची सालं काढली. २००३ मध्ये ए. एस. बायट यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये थेट मोठ्या वाचकांनाच धारेवर धरलं. रोलिंगचं जग इकडून तिकडून उचललेल्या कल्पनांच्या ठिगळांचं आहे आणि त्यात रमणारी मोठी माणसं आपल्या बालपणाकडे पळ काढताहेत, असा बायट यांचा साधारण आक्षेप. ठिगळांबद्दल त्यांच्याशी वाद नाही. इंग्रजी बोर्डिंग स्कूलची कादंबरी, अनाथ मुलाची परीकथा आणि रहस्यकथा असे तीन जुने कपडे उसवून रोलिंगने एक गोधडी शिवली आहे. पण बायट यांच्या डोळ्यांसमोरचा वाचक एकटा आहे. खुर्चीत बसलेला, दिवा लावून, मनात वाचणारा. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत ही पुस्तकं तशी वाचलीच जात नाहीत. तिथे एक जण वाचतो आणि दोन-तीन जण ऐकतात.

हे आपल्याला नवीन नसावं. चातुर्मासात घरी पोथी लागायची. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' वाचला जात असताना समोर आजी असायची, शेजारची काकू असायची आणि शिऱ्याच्या आशेने बसलेली चार पोरंही असायची. पोरं बकासुर कधी येतो याची वाट बघत, आजी कुंतीपाशी डोळे पुसत असे. हे बालसाहित्य की प्रौढांचं, असा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि पोथीला दोन मुखपृष्ठंही लागली नाहीत.

अर्थात मोठ्याने वाचलं की कुठलंही पुस्तक घरभर चालतं असं नाही. माझी लेक पाच-सहा वर्षांची असताना युनिकॉर्न आणि पऱ्यांच्या इतक्या मालिका मी वाचून दाखवल्या आहेत, की दिवसभर प्रयोगशाळेत प्रथिनांशी झटापट करणं त्यापेक्षा सुखाचं वाटे. ती पुस्तकं वाईट नव्हती. त्यांत मोठ्या माणसाला वाचून दाखवण्यापलीकडे काही काम नव्हतं, एवढंच. हॅरी पॉटरमध्ये ते आहे, आणि एकाच प्रकरणात दोघांना दोन वेगळी कामं आहेत. माझ्या मते या मालिकेची खरी करामत हीच. जादूच्या कांड्या आणि उडते झाडू त्यामानाने स्वस्त.

पहिली गोष्ट रहस्याची. पहिल्या पुस्तकात क्विडिचचा सामना चालू असताना हॅरीचा झाडू बेभान होतो. स्नेप त्याच्याकडे टक लावून पुटपुटतोय हे हर्मायनीला दिसतं आणि ती धावत जाऊन स्नेपच्या झग्याला आग लावते. झाडू शांत होतो. वाचणारी आई आणि ऐकणारी मुलगी दोघींनीही स्नेपला दोषी ठरवलेलं असतं. पण धावताना हर्मायनीच्या धक्क्याने प्राध्यापक क्विरल तोंडावर पडतो, हे एक वाक्य मध्येच येऊन जातं. दोघीही ते घाईत ओलांडतात. पुरावा समोर ठेवलाय, आणि चाळिशीकडे झुकलेलं वय, पीएच.डी. आणि संशयी स्वभाव यांचा काडीचा उपयोग होत नाही. उलट मोठ्या वाचकाला खलनायक कसा दिसतो हे पाठ असतं, त्यामुळे तो जास्त सहज फसतो. आई आणि मूल दोघंही एकाच वेळी काहीच जाणत नाहीत, अशा जागा घरात किती असतात?

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तिसऱ्या पुस्तकात बॉगार्ट नावाचा एक प्राणी येतो. समोरच्या माणसाला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, ते रूप तो घेतो. वर्गात नेव्हिलपुढे तो स्नेप होतो, आणि नेव्हिल त्या स्नेपला आपल्या आजीचे कपडे चढवतो. गिधाडवाली टोपी, लाल पर्स, सगळं. मुलं गडाबडा लोळतात, आपणही हसतो. पाचव्या पुस्तकात तोच बॉगार्ट एका लिहिण्याच्या टेबलातून निघतो आणि त्याच्यासमोर मिसेस वीझली असतात. आता तो त्यांच्या मुलांची प्रेतं होतो. एकामागून एक, शेवटी हॅरीसुद्धा. त्यांना कांडी धरवत नाही. माझ्या आवाजाला इथे कंप सुटला आणि लेकीने विचारलं, "त्यांना माहितीये ना हे खोटं आहे, मग त्या हसत का नाहीत?" तिसऱ्या पुस्तकात रोलिंगने एक युक्ती शिकवली, दोन पुस्तकं थांबली आणि ती युक्ती कुठे चालत नाही हे दाखवलं. दोन वयांच्या वाचकांना एकाच खोलीत बसवून लिहिलेलं लेखन याला म्हणतात. बायट यांना इथे पळ काढणारी मोठी माणसं दिसली असती का, मला शंका आहे.

माझी आई दर एक-दोन वर्षांनी एडिंबरात येते, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांच्या आतबाहेर. ती इंग्रजी कादंबऱ्या वाचत नाही. पहिलं पुस्तक तिने मराठीत वाचलं, बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादात, 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने. अमेरिकेतल्या प्रकाशकांना 'फिलॉसॉफर' हा शब्द मुलांना जड जाईल असं वाटलं आणि त्यांनी तिथे 'सॉर्सरर' घातला. मराठीला अशी काही अडचण आली नाही, परीस हजर होता. अर्थात हिशेब पुरता जुळत नाही. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण व्होल्डेमॉर्टला सोनं नकोच आहे, त्याला मरण टाळायचं आहे. परिसात संजीवनी नाही. आईने हा मुद्दा स्वतःहून काढला आणि अनुवादकाला माफही केलं.

तिच्याबरोबर पुढची पुस्तकं वाचताना मात्र, इंग्रजीतून मराठीत जागच्या जागी सांगत, मला एक वेगळंच पुस्तक दिसलं. इंग्रजीत सगळ्या 'आंट'. आंट पेट्यूनिया, आंट मार्ज. मराठीत सांगायला गेलं की नातं विचारलं जातंच. पेट्यूनिया ही आईची बहीण, म्हणजे मावशी. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणणाऱ्या भाषेत ही मावशी भाच्याला जिन्याखालच्या कपाटात झोपवते. इंग्रजी वाचकाला डर्सली कुटुंब हे डिकन्सछाप विनोदी दुष्ट वाटतं. माझ्या आईला तो विनोद एकदाही वाटला नाही. "सख्खी मावशी?" एवढंच ती दोनदा म्हणाली. आणि तिसऱ्या पुस्तकात मार्ज आली, येऊन हॅरीच्या आईबापांचा उद्धार करू लागली, तेव्हा आईने हिशेब केला, "म्हणजे मावशीची नणंद. मग बरोबर आहे." मार्जच्या स्वभावाचं याहून नेमकं विश्लेषण मी वाचलेलं नाही.

म्हणूनच सातव्या पुस्तकात स्नेपच्या आठवणींमधून छोटी पेट्यूनिया दिसते ती जागा मला आमच्या घरात कधी वाचली जाईल याची उत्सुकता आहे. धाकट्या बहिणीला जादूच्या शाळेचं बोलावणं आलेलं, आणि हिने मलाही घ्या म्हणून डम्बलडोरला पत्र लिहिलेलं. नम्र शब्दांत नकार आलेला. घरात दोन बहिणी, एकीला जगाचं दार उघडलं आणि दुसरी दाराबाहेर राहिली. परदेशात राहणाऱ्या कुठल्या मराठी घरात ही गोष्ट या ना त्या रूपात नाही? आपण बहुतेक जण लिलीच्या बाजूचे. पेट्यूनिया तिकडे आईवडिलांची औषधं आणत असते.

परदेशातल्या घरात आणखी एक उलथापालथ होते, ती वाचणाऱ्याच्या अधिकाराची. मी ही पुस्तकं पहिल्यांदा सांगलीत वाचली, वाचनालयाची, कडा दुमडलेली. हाउस पॉइंट्स, प्रीफेक्ट, ट्रीकल टार्ट हे माझ्यासाठी जादूइतकंच काल्पनिक होतं. लेकीच्या शाळेत हाउसेस आहेत आणि ट्रीकल टार्ट तिने शाळेच्या जेवणात खाल्लाय. (तिच्या मते नुसता गोड, चव काही नाही.) पुस्तकातलं जे जग मला परकं, ते तिचं रोजचं. चौथ्या पुस्तकात तर कडेलोट झाला. सांगलीत आम्ही सगळ्या मैत्रिणी 'हर्मिऑन' म्हणायचो. लेक मला दोन पुस्तकं सुधारत आली होती. चौथ्यात बल्गेरियाचा व्हिक्टर क्रम येतो, आणि नृत्याच्या रात्री हर्मायनी त्याला आपलं नाव तोडून तोडून शिकवते. त्याची जीभ काही शेवटपर्यंत वळत नाही. लेकीने पुस्तकावर हात ठेवून मला थांबवलं आणि म्हणाली, "आई, हा तुझ्यासारखा आहे." इंग्लंडमधल्या वाचकांना क्रम हा दणकट, घुमा परदेशी. आमच्या सोफ्यावर तो एकदम घरचा झाला. आमच्या आडनावाचं इथे रोज काय होतं, ते क्रमला समजलं असतं.

स्टीफन फ्राय यांच्या आवाजातली ध्वनिपुस्तकं उत्तम आहेत, हायलँड्सच्या लांब ड्राइव्हला आम्हीही लावतो. पण ती ऐकताना हे काही घडत नाही. फ्राय यांचा उच्चार कधी चुकत नाही, आणि त्यांना कुणी मध्येच थांबवत नाही.

तक्रारीही आहेत. पहिलं पुस्तक सव्वादोनशे पानांच्या आत संपतं, पाचवं ७६६ पानांचं आहे. त्यातला निम्मा काळ हॅरी कुणावर तरी ओरडत असतो, आणि मोठ्याने वाचणाऱ्याला ते सगळं ओरडावं लागतं. संपादकाने इथे कात्री चालवायला हवी होती. बहुतेक घरांत एकत्र वाचन याच पुस्तकात मोडतं. मूल कंटाळत नाही, आपलं आपण पुढे पळतं.

दुसरी अडचण लेखिकेची नाही, काळाची आहे. ही सात पुस्तकं १९९७ ते २००७ अशी दहा वर्षांत आली. तेव्हाचा अकरा वर्षांचा वाचक शेवटच्या पुस्तकापर्यंत एकवीस वर्षांचा झाला होता. पुस्तकं काळोखी होत गेली तसा तोही मोठा होत गेला. आज सातही एका खोक्यात मिळतात. सात वर्षांचं मूल एका उन्हाळी सुट्टीत तळघरातल्या सापापासून सेड्रिकच्या मृत्यूपर्यंत पोहोचू शकतं. मधली वाट बघण्याची वर्षं आता प्रकाशक देत नाही, ती घरालाच तयार करावी लागतात. आम्ही एका वर्षात फार तर दोन असा नियम केला. लेक आता अकरा वर्षांची आहे आणि नुकतंच सहावं संपलं. या नियमावरून जेवढी भांडणं झाली तेवढी स्क्रीन टाइमवरूनही झाली नसतील.

आणि पाटील. होगवर्ट्सच्या वर्गात पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी आहेत हे मराठी मुलाला पहिल्यांदा कळतं तेव्हा ते अंथरुणात उठून बसतं. नंतर मात्र सात पुस्तकं हाती फारसं काही लागत नाही. एक ग्रिफिंडॉरमध्ये, एक रेव्हनक्लॉमध्ये. (सिनेमाने दोघींना एकाच हाउसमध्ये टाकून तेवढाही फरक पुसला.) चौथ्या पुस्तकात त्या हॅरी आणि रॉनच्या जोडीदार म्हणून नाचाला जातात, आणि ती दोन पोरं त्यांना खुर्चीवर बसवून स्वतः तोंड पाडून बसतात. या मुली कुठल्या, घरी काय बोलतात, सुट्टीत कुठे जातात, रोलिंगला याची उत्सुकता नाही. आडनाव हजेरीपटासाठी लागलं, घेतलं. हे मला पूर्वी खटकलं नव्हतं, लेकीशेजारी बसून वाचताना खटकलं.

एकाच जागी त्या दोघी मला पूर्ण पाटील वाटल्या. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी डम्बलडोर मारला जातो, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आधीच पाटील जुळ्या शाळेतून गेलेल्या असतात. एका वाक्यात येतं आणि संपतं. हे वाचलं तेव्हा आई इथेच होती. "बरोबर केलं," ती म्हणाली, "पहाटेच गाडी काढली असेल बापाने." लेकीला ते अजिबात पटलं नाही. अंत्यविधीला थांबायला नको? मैत्रिणींना सोडून असं जायचं? दोघींचा वाद भाजी निवडताना चालू राहिला, दुसऱ्या दिवशी फोनवर मामालाही ओढलं गेलं. सातव्या पुस्तकात त्या बहिणी लढायला परत येतात, हे मला माहीत आहे. नियमाप्रमाणे ते पुस्तक डिसेंबरपर्यंत कपाटावर आहे, आणि मी दोघींपैकी कुणालाही काही सांगितलेलं नाही.