चिऊकाऊचं मॉड्यूल

पूर्वी बालवाडीच्या बाई ‘एक होती चिऊ’ म्हणाल्या की शिक्षण सुरू व्हायचं. हल्ली तसं चालत नाही. हल्ली चिऊला आधी मॉड्यूलमध्ये बसावं लागतं.

मॉड्यूल म्हणजे तक्ता. डावीकडे उद्दिष्ट, मग क्षमता, कृती, साहित्य आणि शेवटी अध्ययन निष्पत्ती. (हा शेवटचा शब्द एका दमात म्हणता आला, तर तीच निष्पत्ती समजावी!) चिऊकाऊच्या गोष्टीचा असा तक्ता मी पाहिला आहे. उद्दिष्ट : परिसरातील पक्ष्यांची ओळख. साहित्य : मेण. शेणाचा उल्लेख शालीनतेपोटी गाळला होता. निष्पत्ती : ‘बालक दोन घरांतील फरक सांगते.’ आता काऊचं घर वाहून गेलं यात फरक सांगण्यासारखं काय आहे? इथं चार वर्षांचं पोर डोळे मोठे करून विचारतं, “काऊला थंडी वाजली का हो ताई?” हा प्रश्न कुठल्या रकान्यात घालायचा? तो घालायला जागा नाही, म्हणून ताई म्हणतात, “आधी फरक सांग.”

दोष नव्या अभ्यासक्रमाला देऊ नये. २० ऑक्टोबर २०२२ ला निघालेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा मी चाळला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळ, गोष्टी, गाणी, गप्पा यांतून शिकवा, असं तो स्वच्छ सांगतो. पंचकोशही त्यात आहेत. अन्नमय कोशाशी मुलांची ओळख आधीपासूनच असते. पुढं फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आला. त्यात खेळणी, कोडी, गोष्टींची पुस्तकं. एवढं सगळं मुलांच्या बाजूचं! पण वरून निघालेला खेळ खाली पोचेपर्यंत त्याचा फॉर्म होतो. मॉड्यूल मुलं वाचत नाहीत, तपासायला येणारे साहेब वाचतात. तेव्हा ताई ते साहेबांसाठीच लिहितात; कुणीही शहाण्या माणसानं हेच केलं असतं. पोषण आहार, वजनं, मोबाइलवरची माहिती एवढं उरकून जी ताई रात्री तक्ता भरते, तिनं शेजारच्या केंद्राचा उतरवला तर तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडं हे काम उलट्या टोकानं सुरू झालं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम मांडलं, पुढं ते कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. खडे, शिंपले, पानं, बिया हेच साहित्य. आधी मूल पाहिलं, मग काय शिकवायचं ते ठरवलं. आपण जूनमध्ये, मूल दारात यायच्या आत, मार्चपर्यंतची त्याची निष्पत्ती लिहून मोकळे होतो!

माझी सूचना साधी आहे. तक्ता राहू द्या. तक्त्याशिवाय आपल्या देशात काहीच राहत नाही. फक्त त्यात एक रकाना वाढवा : ‘आज मूल काय म्हणालं?’ तो आधी भरायचा नाही. वर्ग सुटल्यावर भरायचा आणि दुसऱ्या दिवसाचं मॉड्यूल त्यावरून करायचं.

अडचण एकच. सकाळी तपासणी आली, की साहेब पहिल्यांदा विचारणार, “हा रकाना रिकामा का?”