बोर्डनसाहेबांचं वाचनालय आणि आपली संकेतस्थळं

जुन्या बडोद्याची कागदपत्रं आणि पुस्तकं स्कॅन करून ठेवणारी दोन-तीन संकेतस्थळं गेल्या महिन्यात नीट पाहिली. नावं घेत नाही, कारण दोष सगळ्यांचे सारखेच आहेत. आधी कौतुक करतो. हजारो जीर्ण पानं वाचवली, हे काम मोठंच आहे. पण वाचवलेलं पान वाचकाला सापडतं का?

दांडिया बाजारातले आमचे एक काका, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना सयाजीराव महाराजांच्या काळातलं एक मराठी पुस्तक हवं होतं. मराठीत नाव टाकलं, उत्तर शून्य. इंग्रजीत ‘गायकवाड’ टाकलं तर थोडं मिळालं. जुन्या पद्धतीनं शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’ लावला, तर वेगळीच यादी आली! बडोदे, बडोदा, वडोदरा यांचंही तेच. शेवटी पुस्तक उघडलं, पण अक्षर मोठं करायचं बटण काही दिसेना. काका म्हणाले, “राहू दे रे, आमच्यासाठी नाहीये हे.”

हे वाक्य मला लागलं, कारण ते बडोद्यात ऐकावं लागलं. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत बोर्डननी इथल्यासाठी वेगळी बसवली, ग्रंथपालांना शिकवून तयार केलं. गावात वाचनालय नसेल तर पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रं होती. १९१२ मध्ये सुरू झालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठीही होती. पुढे १९३१ मध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा त्यातला चौथा. बडोद्यात त्या दिशेनं काम आधीच सुरू झालं होतं.

म्हणजे वाचक जसा आहे तसा धरून सोय करायची, ही आपल्याच गावची रीत. संकेतस्थळवाले मात्र आपल्याला सोयीची रचना करतात आणि वाचकानं ती शिकावी म्हणतात.

मागणी फार नाही. एकाच नावाची सगळी स्पेलिंगं आतून जोडा. नोंदी मराठी-गुजरातीतही द्या. चित्ररूप पानांचा मजकूर टंकित करून जोडा, म्हणजे शोधता येईल आणि ज्यांना दिसत नाही त्यांना यंत्राकडून वाचून घेता येईल. अक्षर मोठं करायचं बटण समोर ठेवा.

आणि काही बदलण्याआधी एखाद्या आजोबांना किंवा आजींना स्क्रीनसमोर बसवा. एक पुस्तक शोधायला सांगा आणि मागे गप्प उभे राहा. ते कुठं अडतात, एवढं टिपलं तरी दुरुस्तीची यादी तयार होईल. आपल्या मंडळाच्या पानापासूनच सुरुवात करू या. आपलंही काही फार बरं नाही.