नाण्यावरच्या रेघा आणि बाबासाहेब

टिटवाळ्याला स्टेशनबाहेर, महागणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हारवाल्याने माझे दहाचे नाणे परत केले. तेव्हा अफवा होती की दहा रेघांचे नाणे खरे, पंधरा रेघांचे खोटे. त्याने नाणे उलटसुलट करून रेघा शोधल्या. रेघा नव्हत्याच, बाबासाहेबांचा चेहरा होता. “हे चालत नाही,” तो म्हणाला.

ते नाणे ६ डिसेंबर २०१५ रोजी, १२५व्या जयंतिवर्षानिमित्त निघालेले. दहाच्या नाण्यांचे चौदाही नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. हारवाल्याला दोष देता येत नाही. नाणे खोटे निघाले तर दहा रुपये त्याचेच बुडणार होते.

संग्राहकही नाणे बारकाईने पाहतो. सालाखाली चौकट असेल तर मुंबईची टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. हारवाला बारकाव्यावरून खरेखोटे ठरवतो, संग्राहक किंमत. अर्थ कोण वाचणार? तो आपण वाचला पाहिजे.

भिंग घेऊन मागची बाजू पाहा. सिंहांच्या पायाशी मध्यभागी धम्मचक्र आहे, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. सारनाथच्या मूळ शिल्पात सिंहांच्या माथ्यावर मोठे धम्मचक्र होते, सिंहांखाली उलटे कमळ होते. १९५० मध्ये स्वीकारलेल्या राजमुद्रेत ही दोन्ही नाहीत. खालचे बोधवाक्य मात्र मुंडकोपनिषदातले. बुद्धाच्या पहिल्या प्रवचनाचे ठिकाण एका बाजूला, १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेणारा महामानव दुसऱ्या बाजूला. आणि या दोहोंना जोडणारा एक शब्दही नाण्यावर नाही. हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा काय?

आणखी एक गोष्ट नाण्यावर नाही. ज्याचा चेहरा रुपयावर आला, त्याने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच ग्रंथ लिहिला होता. अंगच्या धातूपेक्षा जास्त किमतीने चालणारे नाणे काढण्याचा स्वैर अधिकार सरकारच्या हाती असू नये, रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी, हे त्यातले म्हणणे. चलनावरचा विश्वास डळमळला की त्याचा पहिला फटका कोणाला बसतो, हे टिटवाळ्याच्या त्या हारवाल्याने एका वाक्यात दाखवले.

व्यवस्था चेहरा ओतून घेते, विचार टाकसाळीबाहेर ठेवते. १९९० च्या जन्मशताब्दीच्या एक रुपयाच्या नाण्यावरही चेहराच आला. अशा गौरवाला नकार देण्याचे कारण नाही; पण त्यावर समाधान मानणे म्हणजे रेघा मोजत बसणे होय.