बिशपांचे आसन आणि मंडळीचा इतिहास

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे गाव लागते. संत्र्यांच्या या मुलखात उभे राहून नागपूरच्या अँग्लिकन धर्मप्रांताच्या इतिहासाकडे पाहिले, की त्यातील एक मोठी उणीव जाणवते. हा इतिहास बिशपांच्या नावांनी आणि कॅथेड्रलच्या भिंतींनी सांगितला गेला; खेड्यापाड्यांतील श्रद्धावंत त्यात आले ते केवळ पार्श्वभूमी म्हणून.

या लेखनपद्धतीचा ठळक नमुना म्हणजे बिशप आयर चॅटर्टन यांचा भारतातील चर्च ऑफ इंग्लंडचा इतिहास. हा इंग्रजी ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९०३ मध्ये कलकत्त्याच्या अवाढव्य धर्मप्रांतातून नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा चॅटर्टन त्याचे पहिले बिशप झाले. त्यांची चिकाटी आणि व्यासंग वादातीत आहे. गोंडवनाविषयी १९१६ साली लिहिलेल्या पुस्तकात तर त्यांनी येथील भूमीकडे व गोंड समाजाकडे आस्थेने पाहिले आहे. मात्र चर्चचा इतिहास लिहिताना त्यांची लेखणी बिशपांच्या परंपरेमागून चालते. एकाची कारकीर्द संपली, की दुसऱ्याची सुरू होते. अशा मांडणीत कारंज्यासारख्या गावाला जागा उरत नाही.

कॅथेड्रल म्हणजे बिशपांचे आसन जेथे असते ते मंदिर, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. मुंबईच्या सेंट थॉमस चर्चचे उद्घाटन १७१८ साली झाले. परंतु धर्मप्रांत स्थापन होऊन ते कॅथेड्रल ठरले १८३७ साली. तब्बल ११९ वर्षे तेथे आसनावाचून उपासना चालू होती. नागपूरचे ऑल सेंट्सही मूळचे इंग्रज अंमलदार व सैनिक यांच्या उपासनेसाठी उभारलेले. आसन तेथे मागाहून आले. म्हणजे आसनाआधी उपासना असते, आणि उपासनेआधी माणसे.

याच ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या साक्षीने २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. या घटनेला 'अँग्लिकन धर्मप्रांतांचे विलीनीकरण' म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. बिशपपद मानणारे आणि न मानणारे, बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ प्रौढांना देणारे, असे सारे येथे एकत्र आले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींना मान्यता मिळाली. निरनिराळ्या परंपरांच्या सेवकांनी परस्परांवर हात ठेवून प्रार्थना केली. कुणाची दीक्षा खरी, हा वाद अशा रीतीने नम्रतेने मिटविण्याचा प्रयत्न झाला. धर्मप्रांतांच्या सीमा त्यानंतरही बदलत राहिल्या. चॅटर्टन यांच्या विस्तीर्ण प्रांताच्या मुलखात आज जबलपूर, भोपाळ व राजस्थान असे स्वतंत्र धर्मप्रांत आहेत. सीमा अशा हलत असताना केवळ सीमांचा इतिहास लिहून काय हाती लागणार?

दुसरी वाट मराठीतच उपलब्ध आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे चर्चचा इतिहास म्हणून लिहिले गेले नाही; तरीही धर्मांतराने एका घराचे काय होते, स्वयंपाकघरात आणि नात्यांत काय उलथते, हे त्याइतके दुसरा कोणता ग्रंथ सांगतो? टिळक दांपत्य ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, तिचीही परंपरा १९७० च्या ऐक्यात सामील झाली. मात्र रेव्हरंड टिळकांची भजने त्याच्या कितीतरी आधी पंथांची कुंपणे ओलांडून गेली होती. ऐक्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ठरावांइतकेच या भजनांकडेही लक्ष द्यावयास हवे.

हा आक्षेप केवळ अँग्लिकन लेखनापुरता नाही. आपल्या कॅथॉलिक धर्मप्रांतांच्या स्मरणिकाही बहुधा याच वळणाने जातात : प्रथम बिशपांची छायाचित्रे, मग इमारती, शेवटी आकडे. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, धर्मशिक्षकांची नावे, आजीबाईंनी वहीत उतरवून घेतलेली गीते मात्र वाळवीच्या आणि विस्मृतीच्या स्वाधीन होतात. कॅथेड्रलची डागडुजी करता येते. पुसलेली नोंद परत लिहिता येत नाही. म्हणून वऱ्हाड-विदर्भातील मराठी लेखकांनी, मग ते कोणत्याही चर्चचे असोत, आपापल्या गावापासून आरंभ करावा. बिशपांच्या आसनाचा मान राखूनही हे करता येईल, आणि तेव्हाच तो इतिहास मंडळीचा ठरेल.