द्वेषाचा हिशेब

ऑनलाइन फँटसी गेममध्ये चार-पाच अनोळखी लोक एकत्र येऊन एखाद्या गुहेत शिरतात, तेव्हा कामाची वाटणी आधीच झालेली असते. एक जण टँक: जाडजूड चिलखत घालून पुढे उभा राहणारा, शत्रूचा मार स्वतःच्या अंगावर घेणारा. एक जण हीलर: टँकच्या आणि बाकीच्यांच्या जखमा भरून काढणारा. उरलेले सगळे डीपीएस, म्हणजे 'डॅमेज पर सेकंद'. त्यांचं नावच मोजमापाच्या एककावरून पडलेलं आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पार्टीत ही वाटणी १-१-३ अशी असते, 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये १-१-२. खेळाडू या त्रयीला 'होली ट्रिनिटी' म्हणतात.

या त्रयीकडे जरा परक्या नजरेनं पाहू. समोरचा ड्रॅगन शेकडो वर्षं जगलेला आहे, बोलतो, कटकारस्थानं करतो, राज्यं उलथवतो. त्याला मागे झग्यात उभा असलेला हीलर दिसत नाही? त्याला आधी उडवला की बाकीचे मिनिटभरात संपतील, हे शाळकरी पोरालाही कळतं. माणसं माणसांविरुद्ध लढतात तेव्हा पहिला नेम बहुतेक वेळा हीलरवरच धरतात. पण ड्रॅगन मात्र टँकच्या ढालीवर डोकं आपटत बसतो. म्हणजे त्याचं सर्वांत कमी नुकसान करणाऱ्याला, सर्वांत कठीण जागी, मारत बसतो. सगळी त्रयी या एका मूर्खपणावर उभी आहे.

मूर्खपणाच्या मागे हिशेब आहे. प्रत्येक शत्रूजवळ एक यादी असते: कोणी मला किती त्रास दिला. खेळाडू त्याला 'थ्रेट' किंवा 'अ‍ॅग्रो' म्हणतात. 'एव्हरक्वेस्ट'चे जुने लोक सरळ 'हेट' म्हणायचे. वॉरक्राफ्टमधलं जुनं सूत्र साधारण असं: एक पॉइंट इजा केली की एक पॉइंट द्वेष, एक पॉइंट जखम भरली की अर्धा, आणि तोही लढणाऱ्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटून. टँकच्या प्रत्येक फटक्याला मात्र कित्येक पट द्वेष चिकटतो. शिवाय त्याच्याकडे 'टॉन्ट' असतं: शत्रूला डिवचून एका क्षणात यादीत पहिलं येणं. दुसऱ्या कोणाला शत्रूचं लक्ष ओढून घ्यायचं तर जवळून लढताना टँकच्या ११० टक्के आणि लांबून १३० टक्के द्वेष जमवावा लागतो. मी पोटापाण्यासाठी जो कोड लिहितो त्यापेक्षा हे सोपं आहे. एक तक्ता, काही बेरजा, आणि सर्वांत मोठा आकडा कोणाचा ते पाहणं.

याला संकेत म्हणायला हवं, नाटकात असतो तसा. संगीत नाटकात संकट दाराशी आलेलं असताना पात्र उभं राहून आख्खं पद म्हणतं, आणि प्रेक्षक 'पळ की आता' म्हणत नाहीत. कारण पद ऐकायला मिळावं म्हणूनच तो वेळ थांबलेला असतो. तर मग प्रश्न असा की, ड्रॅगनला मठ्ठ ठेवून आपल्याला काय ऐकायला मिळतं?

वास्तवाच्या भूमिकेतून या त्रयीला हसणारे इथेच थांबतात, पण खरी गोष्ट इथून सुरू होते. टँक होऊन पाहा. तुमची पाठ तुमच्या माणसांकडे असते. तुमचं आयुष्य जो सांभाळतोय तो तुम्हाला दिसत नाही. तो जागा आहे, शहाणा आहे, एवढं धरून चालायचं. हीलर होऊन पाहा. तुम्हाला लढाईच दिसत नाही. इतकी मेहनत घेऊन चितारलेला ड्रॅगन, त्याच्या पंखांवरचा उजेड, सगळं बाजूला, आणि तुमची नजर हिरव्या पट्ट्यांवर: कोणाची अर्धी झाली, कोणाची पाव. पट्टी रिकामी झाल्यावर धावणारा हीलर उपयोगाचा नसतो, ती कधी रिकामी होईल हे आधी ओळखणारा लागतो. पुण्यात बसून युरोपच्या सर्व्हरवर हीलर खेळताना हे फार लवकर शिकावं लागतं. बोटांतून निघालेला मंत्र तिथे पोचेपर्यंत थोडा वेळ जातोच. आणि जुन्या वॉरक्राफ्टमधला डीपीएस? त्याला हात आवरावा लागे. टँकनं दोन-चार घाव घालून द्वेष जमवेपर्यंत थांबायचं, मग मारायचं, आणि फार जोरात नाही. नाहीतर ड्रॅगन वळणार. तिघांची तीन वेगळी कौशल्यं आणि प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या हातात. हे पद ऐकण्यासाठी ड्रॅगननं मूर्ख असणं मला मान्य आहे.

हा संकेत जुना आहे. कोपनहेगन विद्यापीठात १९९१ साली तयार झालेल्या 'डिकूमड' या केवळ अक्षरांत चालणाऱ्या खेळाच्या परंपरेतून तो १९९९च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये आला. तिथली मूळ त्रयी थोडी वेगळी होती: योद्धा, पुजारी आणि जादूनं जास्तीच्या शत्रूंना गुंगीत ठेवणारा एन्चँटर. २००४च्या वॉरक्राफ्टनं तिला आजचं रूप दिलं. नंतरच्या वर्षांत मात्र या पदाचा एकेक सूर गेला.

डिसेंबर २००९मध्ये वॉरक्राफ्टमध्ये 'डन्जन फाइंडर' आला. बटण दाबा, रांगेत लागा, यंत्र तुम्हाला अनोळखी साथीदार जुळवून देईल. डीपीएस ताटकळत बसले, टँक आणि हीलर जवळपास लगेच आत. चुकलं तर सगळ्यांसमोर चुकणारी कामं लोकांना नको होती. म्हणून २०११पासून कमी पडणाऱ्या भूमिकेला वरखुशाली म्हणून बक्षिसाची पिशवी देण्यात आली. 'फायनल फँटसी'तही तसाच भत्ता आहे. जबाबदारी हे खेळाचं सुख न राहता गैरसोय झाली.

२०१२च्या 'गिल्ड वॉर्स टू'नं वेगळं उत्तर शोधलं: त्रयीच नको. प्रत्येकाला स्वतःची जखम भरण्याचं कौशल्य, प्रत्येकाला कोलांटी मारून वार चुकवण्याची सोय, आणि कोणी कोसळला तर कोणीही त्याला उठवू शकेल. कागदावर हा सर्वांत न्याय्य खेळ होता. प्रत्यक्षात गुहांमध्ये पाच स्वयंपूर्ण माणसं एकमेकांशेजारी उभी राहून जास्तीत जास्त वेगानं मारत राहिली, कारण सगळे सारखे झाल्यावर मोजण्यासारखं एकच काम उरलं. मोकळ्या जगात त्या खेळात मजा होती आणि आहे. पण २०१५मध्ये त्यांनी दहा जणांच्या रेड आणल्या तेव्हा पहिल्याच पहिल्या राक्षसानं ज्याची 'टफनेस' सर्वांत जास्त त्याचा पाठलाग सुरू केला. टँक परत आला, पाठोपाठ हीलरही आला. पुढच्या दारानं घालवलेली त्रयी मागच्या दारानं घरात आली, ती केवळ सवयीमुळे असं मला वाटत नाही. एकमेकांची गरजच नसलेल्या दहा जणांची कठीण लढाई रचणं फार अवघड आहे.

म्हणून माझी तक्रार त्रयीबद्दल नाही, तिच्या मोजणीबद्दल आहे. वॉरक्राफ्टमध्ये खेळाडूंनी स्वतःच मीटर बनवले. लढाई संपताच कोणी किती मारलं याची पट्ट्यापट्ट्यांची उतरंड दिसते. पुढे लढायांच्या नोंदी साठवून जगभरच्या खेळाडूंशी तुलना करून राखाडीपासून सोनेरीपर्यंत रंग देणारी संकेतस्थळं आली. डीपीएसला हे मानवतं, तो नावापासूनच आकडा आहे. हीलरचं काय? त्याचाही आकडा काढतात: सेकंदाला किती जखम भरली. पण भरायला जखम हवी. सोबतचे जितके सावध, तितका हीलरचा आकडा खाली. दोन हीलर असतील तर एकानं भरलेली जखम दुसऱ्याच्या आकड्यातून वजा. सर्वांत उत्तम काम झालेल्या दिवशी नोंद जवळजवळ कोरी. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: रात्री काही पडलं नाही, म्हणजे तुम्ही काय केलं?

मोजता येत नाही ते हळूहळू खेळातूनच काढून टाकलं जातं. २०१९मध्ये 'फायनल फँटसी फोर्टीन'नं टँकचा द्वेष इतका वाढवला, की लक्ष टिकवणं हे कौशल्य उरलंच नाही. डीपीएसला हात आवरायचं कारण संपलं. हीलरची प्रत तो मोकळ्या वेळात किती मारतो यावर ठरू लागली, आणि तो मोकळा वेळही एकच मंत्र पुन्हापुन्हा फेकण्यात जायचा. २०२४मध्ये त्या खेळातल्या काही हीलरनी 'संप' पुकारला. त्यांची तक्रार काम फार पडतं अशी नव्हती. आमची गरजच लागत नाही, अशी होती. मला ही घटना विनोदी वाटत नाही. पैसे भरून खेळणारी माणसं अधिक कठीण जबाबदारी मागत होती.

गेमकडे समीक्षेच्या नजरेनं पाहताना आपण बहुधा कथा तपासतो, पात्रं तपासतो, चित्रं तपासतो. या प्रकारच्या खेळाचा आशय मात्र त्या तक्त्यात आहे: कोणाच्या कृतीला किती किंमत, कोणाची चूक कोणाला भोवते. तक्ता बरा असेल तर कथा सुमार असली तरी चार अनोळखी माणसांत अर्ध्या तासाचं खरं नातं तयार होतं. तक्त्यातून धोका काढून घेतला की उरतात शेजारी शेजारी चाललेली चार कामं आणि शेवटी एक आकडा. ड्रॅगन मूर्ख असू दे. टँकनं पाठ फिरवली तर त्या पाठीमागे कोणीतरी असणं आवश्यक आहे, एवढं मात्र खेळानं सोडू नये.