अंखहाफचा अर्धपुतळा

ईजिप्तच्या शिल्पांत एकच साचा सर्वत्र दिसतो, हा आक्षेप पुष्कळ अंशीं खरा आहे. तेथें मूर्ति कोणाची, हें बहुधा चेहऱ्यानें नव्हे, तर कोरलेल्या नांवानें ठरे. परंतु आक्षेपकानें खाफ्रे राजाचा वजीर अंखहाफ याचा अर्धपुतळा पाहावा. सुमारें ४,५०० वर्षांपूर्वींचा हा पुतळा १९२५ सालीं गीझा येथें सांपडला व आज बोस्टनच्या संग्रहालयांत आहे. त्यावर नांव नाहीं. ओळख पटली ती थडग्यावरून. चुनखडीवर गिलाव्याचा थर देऊन कलावंतानें डोळ्यांखालचा फुगीरपणा व जड पापण्या घडविल्या आहेत. यांत खुशामत नाहीं. अधिकाराचा शीण मात्र आहे. हा अपवाद खरा; पण कसब अपुरें म्हणून साचा टिकला, असें यापुढें म्हणतां येणार नाहीं.