चेहरा उजळणं आणि चेहरा पुसणं

गुलबर्गा जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातल्या खजुरीसारख्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावात लग्नाचा फोटोग्राफर आज जे काम करतो, ते चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत होत होतं आणि तेही नटनट्यांपुरतं. पाठीमागचं सगळं धूसर, नवरीच्या गालावर एका बाजूने येणारा मऊ उजेड, नजर कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे. कानडी घर असो की मराठी, लग्नाच्या अल्बममध्ये ही पानं हवीतच. हा थाट सिनेमासिकांच्या मुखपृष्ठांवरून इथवर आला, आणि मराठी वाचकाच्या मनात तो ज्या नावाशी जोडलेला आहे ते नाव छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांचं.

या मुलखाला छायाचित्रणाचा वारसा नव्हता असं नाही. गुलबर्गा आणि बिदर हे जिल्हे १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होते, आणि तिथल्या निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची गणना देशातल्या थोर छायाचित्रकारांत होते. पण दीनदयाळांच्या चित्रांत माणूस हुद्द्यासकट उभा राहतो. अंगरखा, तलवार, खुर्ची, गालिचा हे सगळं बोलतं आणि चेहरा त्या मानाने गप्प असतो. राजाध्यक्षांनी नेमकं हेच सामान काढून टाकलं.

१९५०मध्ये मुंबईत जन्मलेले राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकले, १९७४मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेत छायाचित्र विभागात लागले. १९८०पासून शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ अशांची व्यक्तिचित्रं टिपता टिपता १९८७मध्ये त्यांनी नोकरी सोडली. ‘चंदेरी’ या मराठी पाक्षिकाचं संपादन त्यांनी केलं, ‘बेखुदी’ (१९९२) आणि ‘अंजाम’ (१९९४) या चित्रपटांसाठी लेखनही केलं. १९९७च्या ‘फेसेस’मध्ये दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंत पंचेचाळीस जणांची चित्रं आणि त्यांच्यावरचा मजकूर आहे. लिहिणारा आणि टिपणारा एकच असल्याचा फायदा त्या पुस्तकाला मिळाला आहे. समोरच्याला आधी बोलतं करायचं, मग कॅमेरा उचलायचा, ही त्यांची रीत चित्रांतून कळते. चौकट जवळची, मागचा पडदा बहुधा काळोखा, कधी हनुवटीशी आलेला हात. डोळ्यांत दिव्याचा एक ठिपका, आणि बाकी चेहरा उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतरत जातो.

हे फिल्मवर होत होतं, हे विसरून चालणार नाही. रोल धुऊन येईपर्यंत काय उतरलं ते कळत नसे. मासिकांच्या छपाईसाठी लागणाऱ्या पारदर्शिकेवर उजेड थोडा जास्त पडला तरी गालाचा तपशील कायमचा जाई. म्हणून सौंदर्य जे काही घडवायचं ते दिवा कुठे ठेवायचा, मान किती वळवायची, यातच घडवावं लागे.

राजाध्यक्षांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. त्यांच्या चित्रांत कुणी थकलेलं, चिडलेलं, हरलेलं फारसं दिसत नाही. सगळे जण आपापल्या उत्तम क्षणी भेटतात. त्यामुळे सलग पाहत गेलं की गोडवा जरा जास्त होतो. पण त्या गोडव्यातही लता मंगेशकर लताच राहतात, दुसऱ्या कुणासारख्या होत नाहीत. राजाध्यक्षांनंतरच्या पिढीतले छायाचित्रकार अतुल कसबेकर रसायन अभियांत्रिकी अर्ध्यावर सोडून अमेरिकेत छायाचित्रण शिकून आले. २००३पासूनच्या किंगफिशर कॅलेंडरमध्ये त्यांनी भर दिला तो शरीर, समुद्र आणि ऊन यांवर. कसब अव्वल आहे. माणूस ओळखीचा होण्याची ओढ मात्र तिथे नाही, आणि कॅलेंडरला ती नकोही असते.

आता गावाकडे येऊ. सॉफ्टबॉक्स, चांगली लेन्स, ड्रोनसुद्धा तालुक्याला पोचलं आहे. हात तयार आहेत, मुलं मेहनती आहेत. बिघाड होतो तो पुढे, संगणकावर. एक उदाहरण या भागात वारंवार दिसतं. घरातली म्हातारी गेली की आधार कार्डावरून किंवा लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून भिंतीवर लावायचा फोटो करतात. मागे निळं आभाळ येतं, अंगावर नवी साडी चढते. त्वचा गुळगुळीत करणारी सोय हनुवटीवरचं हिरवं गोंदण डाग समजून पुसून टाकते. कपाळावरच्या आठ्या जातात, उन्हाने रापलेला रंग दोन छटा उजळतो. हार घातलेल्या त्या फोटोत जी बाई असते, तिला नातवंडांनी कधी पाहिलेलं नसतं. पूर्वी स्टुडिओतही निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग होई, पण ते करणारा हात एकेक रेष बघून ठरवत असे. आता ठरवणारं कुणी नसतं.

दोष एकट्या फोटोग्राफरचा नाही. गिऱ्हाईकच ‘गोरं करा’ म्हणतं. आणि आपल्याकडे नाटकावर, सिनेमावर, चित्रांवर समीक्षा होते. व्यक्तिछायाचित्राला मात्र दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठापलीकडे कुणी विचारत नाही. राजाध्यक्ष १३ सप्टेंबर २०११ रोजी गेले. त्यांचा थाट गावोगाव पोचला, पण त्यामागचं उजेडाचं गणित मराठीत कुणी नीट मांडलं नाही, म्हणून नक्कल उरली.

सीमाभागातल्या छायाचित्रकारांना एवढंच सांगणं आहे: गिऱ्हाइकाला हवा तसा फोटो जरूर द्या, पण मूळ फाइल पुसू नका. ती नावगाव घालून जपा आणि घरच्यांनाही एक प्रत द्या, गोंदणासकट.